हिरवी घ्यायची की निळी

सुऱ्या,

गाडी घेतली. कुठली, ते लगेच सांगणार नाही. तू न सांगता निघून गेलास, आता थोडा वेळ तूही थांब.

तुला जाऊन अडीच महिने झाले. मुलुंडमध्ये अजून सगळ्यांना कळलेलं नाही. परवा पाच रस्त्याच्या सिग्नलला शेजारी एक मोठी गाडी थांबली, काच खाली झाली आणि आतून एक बाई ओरडली, "मॅडम, ओळखलंत का? मला सरांनी शिकवलं होतं. पार्किंग जमत नव्हतं म्हणून रडायचे बघा, ती मी. सर कसे आहेत?" मी म्हटलं, "बरे आहेत." सिग्नल सुटला, ती हात हलवत गेली. खोटं बोलले, पण काय करू रे? मागे हॉर्न वाजत होते. माणूस गेल्याचं चालत्या रस्त्यात कसं सांगायचं?

सव्वीस वर्षं आपण मोटर ट्रेनिंग स्कूल चालवलं. तुझ्याकडे एक जुनी गाडी होती आणि ती उघडून पुन्हा बसवायचे हात होते. बायकांना शिकवायला एक बाई हवी होती, ती मी. लोक आधी मला तुझी बायको समजायचे, मग बहीण, आणि शेवटी त्यांनी विचारायचं सोडून दिलं. मंदाला या सगळ्याचं हसू यायचं. मुलुंडच्या बाजारात मासळी विकता विकता ती गिऱ्हाइकांना सांगायची, "ती माझ्या नवऱ्याची पार्टनर हाय. भांडायला पार्टनर. घरी भांडण उरतच नाय, सगळा तिकडंच संपवून येतो."

अर्ध्या मुलुंडला आपण हाफ क्लच शिकवला. पण स्वतः गाडी किती चालवली? आपण दोघंही आयुष्यभर डाव्या सीटवर बसलो. पायाखाली तो जादा ब्रेक, समोर 'एल'ची पाटी, काटा विशीच्या वर जात नाही. शिकणारा घाबरला की आपण दाबायचं, शिकणारा शिकला की तो स्वतःची गाडी घेऊन जाणार आणि आपण पुढच्याला न्यूट्रल म्हणजे काय ते सांगणार. इमारत पुनर्विकासाला गेली आणि शाळा बंद करायची ठरली, त्या दिवशी रिकाम्या दुकानात उभ्याने चहा पिताना तू म्हणालास, "नलू, आता एक गाडी घ्यायची."

"कसली?"

"जुनी. दोन दारांची. धावायला बनवलेली. प्रदर्शनात पुसून ठेवायला नाही, रोज रस्त्यावर काढायला."

"चालवणार कोण?"

"एक दिवस तू, एक दिवस मी."

"आणि रविवारी?"

"रविवारचं मंदा ठरवेल," तू म्हणालास, आणि आपण दोघंही त्या रिकाम्या दुकानात असे हसलो की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला.

जुनीच का, हे तुझ्या बाजूने सरळ होतं. नव्या गाड्यांना तू 'चाकं लावलेला मोबाइल' म्हणायचास. बॉनेट उघडलं की इंजिन दिसलं पाहिजे, कार्बोरेटरला हात लागला पाहिजे. माझं कारण वेगळं होतं आणि ते मी तुला कधीच सांगितलं नाही. आज सांगते.

बाबा कचऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते, हे तुला माहीत होतं. वाशीमकडून आलेला माणूस, इथे येऊन ट्रक शिकला, आणि आयुष्यभर कचरा देवनारला नेऊन टाकला. सुट्टीच्या दिवशी कधी कधी ते मला केबिनमध्ये बसवून न्यायचे. मी नऊ-दहा वर्षांची असेन. चेंबूरच्या नाक्यावर आमचा ट्रक थांबला होता. खाली, अगदी चाकाला चिकटून, एक उघडी गाडी उभी होती. छप्पर नाही, दोनच सीटा. चालवणारी बाई होती. डोक्याला रुमाल बांधलेला. ट्रकचा वास आला असणारच, आमच्याजवळ सगळे नाक दाबायचे. तिने वर पाहिलं, मला पाहिलं, आणि हात हलवला. बाबा म्हणाले, "बघ, बाई चालवतेय." बस, तेवढंच. सिग्नल सुटला, ती गेली. बाबांनी मला पुढे ट्रकवरच गाडी शिकवली, ती त्या दिवसामुळे की नाही, मला माहीत नाही. पण त्या बाईने वर बघितलं होतं, ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

हे तुला सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं कदाचित. पण तू लगेच सगळ्या मुलुंडला सांगितलं असतंस, म्हणून नाही सांगितलं.

दोन गाड्या मिळाल्या. निळी घाटकोपरला, एका शेठच्या बंगल्याच्या आवारात. इटालियन, वर पत्र्याचं छप्पर, मागे उतरती काच. शेठने मुलासाठी ठेवली होती, मुलगा परदेशात गेला तो तिकडचाच झाला. हिरवी अंधेरीला, वर्सोव्याच्या बाजूला, दातांच्या एका निवृत्त डॉक्टरांकडे. इंग्लिश, उघडी, पावसासाठी घडीचा कापडी टप. त्यांना आता पाठीमुळे तिच्यात बसता येत नव्हतं.

निळी आपण रविवारी सकाळी बघितली. तू तिच्याखाली शिरलास तो अर्धा तास बाहेर आलाच नाहीस. शेठ घाबरून मला विचारत होता, "बेन, भाई बरा हाय ने?" तू बाहेर आलास तेव्हा तोंडाला काळं लागलं होतं आणि चेहरा कसा दिसत होता सांगू? दहावीला पोरगं पास झाल्यावर बापाचा दिसतो तसा. घाटकोपर ते मुलुंड हायवेने नेली, आणली. ब्रेक लावला की जागेवर उभी राहायची. दार लावलं की ठप्प असा भरीव आवाज. तू म्हणालास, "डोळे मिटून घे."

"आत डब्यात बसल्यासारखं वाटतं," मी म्हटलं.

"पाऊस आला की तोच डबा आवडेल."

"मागचं काही दिसत नाही."

"मागचं बघून करायचंय काय तुला?"

तुझं एक तत्त्व होतं: रविवारी कुठलीही गाडी चांगलीच वाटते, गाडी बघायची ती सोमवारी सकाळी. म्हणून हिरवी आपण मुद्दाम सोमवारी साडेनऊला अंधेरीहून बाहेर काढली. मी चालवायला. आत बसताना माझी झालेली फजिती आठवते? पंजाबी ड्रेसची ओढणी दारात, पाय कुठे घालायचा कळेना, शेवटी आधी बसले आणि मग एकेक पाय उचलून आत घेतला. तू म्हणालास, "अंघोळीच्या टबात बसल्यासारखी बसलीस." रस्त्यावर आलो तर सगळं जग उंच. बसचं चाक माझ्या तोंडासमोर. रिक्षावाला वरून माझ्याकडे बघत होता, आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणाकडे तरी वरून बघायला मिळत असणार. क्लच दगडासारखा. प्रत्येक स्पीडब्रेकरला खालून सायलेन्सर घासायचा आणि तू डोळे मिटून घ्यायचास, जसं काही तुझंच पोट घासतंय. आणि मी, सुऱ्या, मी नुसती हसत होते. जोगेश्वरीच्या पुढे रस्ता जरा मोकळा मिळाला, तिसरा टाकला, वारा तोंडावर आला, आणि मी ओरडलेच. काय ओरडले ते आठवत नाही. तूही हसलास.

मग पवईचा चढ. मेट्रोच्या कामाने रस्ता अर्धा बंद, गाड्या हलत नाहीत, आणि उष्णतेचा काटा वर वर. तू म्हणालास, "बंद कर. आत्ता बंद कर." बंद केली. मग ढकलून बाजूला घ्यावी लागली. मी स्टिअरिंग धरून एका बाजूने, तू मागून. चढावर वीस-पंचवीस पावलं असतील. गाडी कडेला लागली आणि तू फूटपाथवर बसलास. शर्ट ओला, तोंड राखेसारखं. मी पाण्याची बाटली दिली आणि हसून म्हटलं, "काय रे, म्हातारा झालास!"

तू बाटली घेतलीस, घोटभर पाणी प्यायलास. एरवी तू असं वाक्य सोडलं असतंस? तू गाडीकडे बघितलंस, मग माझ्याकडे. आणि म्हणालास, "नलू, ही नको. ही तुला झेपणार नाही."

सव्वीस वर्षं, सुऱ्या. सव्वीस वर्षं नवरे, सासरे, भाऊ आपल्या दुकानात येऊन हे वाक्य बोलले. 'हिला झेपणार नाही हो, पण ऐकत नाही, म्हणून आणली.' मी त्या प्रत्येक बाईला शिकवून रस्त्यावर पाठवलं, आणि ते लोक गेल्यावर त्यांची नक्कल करून तूच मला हसवायचास. आणि तू?

"काय म्हणालास?"

"निळी घे. ऐक माझं. हिला आठवड्याला कुणीतरी हात लावणारा लागेल."

"तू आहेस ना?"

"मी काय जन्माला पुरणार आहे का?"

"मग एक दिवस तू, एक दिवस मी, त्याचं काय झालं?"

"तुझ्याच नावावर घे. तुझ्या एकटीच्या. आणि निळीच घे."

मला त्याचा अर्थ असा लागला की तुझं मन फिरलंय. भागीत गाडी घ्यायची नाही, आणि ते सरळ सांगायची हिंमत नाही, म्हणून माझ्या हातापायांवर ढकलतोयस. मी म्हटलं, "कचऱ्याचा ट्रक चालवलाय मी. तू नको सांगूस मला काय झेपतं ते." इंजिन थंड झालं. आपण गाडी अंधेरीला परत नेऊन लावली. मी तिथून रिक्षा करून सरळ घरी आले. तू हाक मारलीस, मी वळून पाहिलं नाही.

त्यानंतर तीन आठवडे मी बोलले नाही.

मंदाचा फोन आला तो सकाळी अकराला. तू बूट घालत होतास, लेस बांधायला वाकलास तो पुढेच कलंडलास. तुमच्या कांजूर गावातल्या त्या बोळातून रिक्षापर्यंत चौघांनी उचलून नेलं. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा मंदा बाकावर बसली होती, तुझा एक बूट तिच्या मांडीवर. दुसरा घरीच राहिला होता. तिने मला बघितलं आणि म्हणाली, "ये गो, बस." रडली नाही. मीही बसले.

बाराव्याला मी मंदाकडे गेले. माणसं पांगल्यावर ती मला मागच्या पडवीत घेऊन गेली. म्हणाली, "नलूताय, तुला एक सांगायचं होतं. मी आधीच सांगायला पायजे होतं." आणि तिने सांगितलं, की पाच महिन्यांपासून तुला माहीत होतं. डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं होतं. तू 'एकदा गाडीचं होऊ दे' म्हणून पुढे ढकलत होतास. पवईहून आलास त्या दिवशी जेवला नाहीस. मंदाला म्हणालास, "पंचवीस पावलं गाडी ढकलता आली नाही मला. उद्या ती रस्त्यात एकटी अडकली तर?"

"मला का नाही सांगितलं त्याने?" मी विचारलं.

"बोलला, नलूला सांगू नको. ती गाडीचा नाद सोडेल नि माझ्या मागे लागेल. मना शपथ घातली."

मी तुझ्यावर किती चिडले तुला कल्पना नाही. तुझ्या फोटोला हार घातलेला, समोर दिवा, आणि मी मनात तुला शिव्या देतेय. अरे, मागे लागले असतेच! तुला धरून ऑपरेशनला नेलं असतं, फरफटत नेलं असतं. गाडी कुठे पळून जात होती? साठ वर्षं थांबलेल्या गाड्या त्या, सहा महिने आणखी थांबल्या असत्या. याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही. पुढे करेनसं वाटतं, पण अजून नाही.

आणि माझ्यावरही चिडले. फूटपाथवर राखेसारखं तोंड करून बसलेल्या माणसाला मी म्हातारा म्हणून हसले. सव्वीस वर्षं शिकणाऱ्याच्या नुसत्या मानेकडे बघून मला कळायचं की हा आता घाबरणार, आता ब्रेक सोडणार. तुझ्या तोंडाकडे बघून मला काहीच कळलं नाही.

मग मी ठरवलं, निळी घ्यायची. तुला ती हवी होती, तुझ्या जिवाला तेवढंच बरं वाटलं असतं. शेठला फोन करून हो म्हटलं. अंधेरीच्या डॉक्टरांना फोनवर नकार देणं बरं दिसलं नसतं, म्हणून स्वतः गेले. त्यांनी दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "या, या. सुरेश नाही आले? रेडिएटरचं तेवढं एक राहिलंय म्हणत होते."

त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगितलं. ते खुर्चीत बसले, बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "त्यांनी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं? चला."

सुऱ्या, त्या तीन आठवड्यांत तू चार वेळा तिथे गेला होतास. गाडीच्या रेडिएटरपुढे विजेवर चालणारा एक जादा पंखा बसवला होतास. क्लचचं काहीतरी सगळं खोलून नवं घातलं होतंस. सायलेन्सर दोन बोटं वर घेतला होतास. आणि सीट. सीटखालच्या पट्टीला नवी भोकं पाडून ती पुढे सरकवली होतीस, पाठीला एक गादी शिवून आणून लावली होतीस. डॉक्टर म्हणाले, "मी विचारलं त्यांना, त्या बाईंना बोलवून माप का घेत नाही? तर म्हणाले, माप मला पाठ आहे. आणि म्हणाले, मी तिला नको सांगितलीय ही गाडी, पण ती हीच घेणार. मग निदान नीट करून तरी देऊ."

मी आत बसले. पाय बरोबर पोचले. गुडघा जिथे असायला हवा तिथे. हात न ताणता स्टिअरिंग. डॉक्टर म्हणाले, "मी चहा टाकतो," आणि आत गेले. शहाणा माणूस, अर्ध्या तासाने चहा घेऊन आला.

तू आता म्हणशील, आणि मग या बाईने रडून हिरवी घेतली. नाही. मी इतकी भाबडी नाही. मला वाटलं, आज हो म्हटलं तर ती तुझी गाडी होईल. देव्हाऱ्यात ठेवल्यासारखी. त्यात बसून रोज रस्त्यावर कसं जायचं? मी डॉक्टरांना सांगितलं, सोमवारी सकाळी चावी द्या, मी एकटी नेऊन बघते.

सोमवार, साडेनऊ, तोच रस्ता. पवईच्या चढावर तसाच खोळंबा. मी काट्याकडे बघत बसले. काटा वर चढला, तुझा पंखा घरघरला, काटा अर्ध्यावर थांबला. तिथेच थांबला. क्लच हलका झाला होता, पण फुलासारखा नव्हे, गांधीनगरपर्यंत डावा गुडघा बोलायला लागला. शेजारी बस उभी होती, तिचा सगळा धूर माझ्या तोंडावर. ऊन डोक्यावर. कुणीतरी पुलावरून काहीतरी थुंकलं ते थोडक्यात चुकलं. उघड्या गाडीचे सगळे तोटे मला त्या एका तासात मिळाले. तू सांगितलेले आणि न सांगितलेलेही. मुलुंडला पोचले, गाडी बंद केली, अंगावर धूळ, घसा कोरडा. स्वतःला विचारलं, नलिनी, उद्या परत काढावीशी वाटतेय का? आणि मला उद्यापर्यंत थांबवत नव्हतं. लगेच वळवून परत जावंसं वाटत होतं.

म्हणून हिरवी घेतली. तू नीट केलीस म्हणून नाही. मला हवी होती म्हणून. पण तू नीट केली नसतीस तर दुसऱ्या आठवड्यात विकावी लागली असती, हेही खरं.

शेठला नाही म्हटलं तेव्हा तो म्हणाला, "बेन, समजदारीचं काम नाय केलं तमे." मी म्हटलं, "शेठ, माझा पार्टनरपण हेच म्हणत होता." निळी गेल्या आठवड्यात एका जोडप्याने घेतली, मुलुंडचंच आहे. चांगली पडलीय त्यांच्या हातात. मी लांबून बघितली, ब्रेक अजून तसाच लागतो.

आता रोजचं सांगते. तुला वरवरचं आवडत नाही, म्हणून खरं सांगते. मी आता कांजूरला एका संस्थेत बायकांना रिक्षा चालवायला शिकवते. रोज सकाळी मुलुंडहून एलबीएस रस्त्याने जाते, दुपारी परत. सहा आठवड्यांत दोनदा स्टार्टर अडकला. एकदा भांडुपला सायलेन्सर घासून फाटला तो फाटलाच, दोन बोटं वर घेऊनही. त्या दिवशी मी इतका आवाज करत संस्थेत शिरले की वर्गातल्या बाया खिडकीत गोळा झाल्या. कार्बोरेटर मी स्वतः साफ करायला शिकले, दोनदा चुकीचा बसवला, तिसऱ्यांदा बसला. गुडघ्याला पट्टा बांधते. सोसायटीच्या सेक्रेटरीने विचारलं, "मॅडम, या वयात हे झेपतं का तुम्हाला?" मी म्हटलं, "रोज नाही झेपत. रोज नेते." तुझं बरंचसं बरोबर होतं, सुऱ्या. गाडी म्हणून विचारशील तर निळीच बरोबर होती. हे मी तुझ्या तोंडावर कबूल केलं नसतं. आज लिहून देते.

एक गोष्ट मात्र अजून लिहिली नाही. कुणालाच सांगितली नव्हती.

तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला होता. मी भाजी निवडत होते. स्क्रीनवर तुझं नाव बघितलं, आणि वाजू दिला. पूर्ण वाजू दिला. मनात म्हटलं, अजून दोन दिवस राहू दे असाच, कळू दे जरा. मग फोन पालथा ठेवला आणि भाजी निवडत राहिले.

गेल्या रविवारी मंदाला गाडीतून नेलं. ती कधीपासून नाही म्हणत होती, अंगाला मासळीचा वास येतो, गाडी खराब होईल. मी म्हटलं, कचऱ्याच्या ट्रकमध्ये वाढलेय मी, चल. ती बसली, पदर कमरेला घट्ट खोचून, दोन्ही हातांनी दार धरून. विचारलं, "कुठे जायचं?" म्हणाली, "कुठे नको. सरळ ने, थांबू नको." मी हायवेला घेतली. सकाळी सात वाजता रस्ता मोकळा होता. काटा ऐंशीला गेला आणि मंदा हसायला लागली. केस सुटून तोंडावर, एक हात वर, आणि हसतेय. मग ते हसणं कधी रडण्यात गेलं ते तिलाही कळलं नाही. बूट मांडीवर घेऊन जी रडली नव्हती ती त्या दिवशी ऐरोलीच्या फाट्यापासून टोलनाक्यापर्यंत रडली. मी गाडी हळू केली तर तिने हाताने खूण केली, चालू दे.

ती शांत झाल्यावर मी सांगितलं. फोन आला होता, मी उचलला नाही.

"मना ठाव हाय," मंदा म्हणाली. "माझ्यासमोरच लावला त्याने. जाळं विणत बसलो होतो."

"मग?"

"मग काय. वाजून वाजून बंद झाला. हसला. बोलला, अजून रागात हाय, उद्या उचलेल."

मला पुढचा रस्ता दिसेना. मी डोळे पुसले, गिअर उतरवला.

"काय सांगायचं होतं गं त्याला?"

"मना काय ठाव?" मंदा म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं आणि समोर बघितलं. "गाडीचंच असेल. दुसरं काय बोलायचात तुम्ही कधी?"

मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "उद्या उचलेल असं बोलून निजला तो. गाढ निजला. आता तू रडू नको गो, चालव."

मी चालवली.